दरवानाचा लाल दिवा

मी एक जुना नॉइज गेट आहे.

मित्रांनो, हे नाव तुम्ही बहुधा ऐकले नसेल. कर्णा तुम्हाला माहीत आहे. माइक तर गणपतीच्या मांडवात तुमच्यापैकी काहींनी हातातही घेतला असेल. मी या दोघांच्या मध्ये बसतो. माणूस बोलू लागला की मी दार उघडतो आणि त्याचा आवाज पुढे सोडतो. तो गप्प झाला की दार लावून घेतो.

दार लावायचे कशाला, असे तुम्ही विचाराल. माइक स्वभावाने भोळा असतो. कोणी बोलत नसले तरी त्याचे कान उघडेच. पंख्याची घरघर, मागच्या बाकावरची कुजबुज, मालगाडीची धडधड, जे येईल ते तो गोळा करतो आणि कर्ण्याकडे पाठवतो. नाटकाला असे चार माइक लावले की चौघांची घरघर एकत्र होते, आणि माणसे डोके धरून बसतात. ती घरघर अडवणे हे माझे काम.

माझा जन्म १९७४ साली दापोडीत झाला. स्टेशनजवळच्या गल्लीत 'नवाब रेडिओ अँड लाउडस्पीकर' हे दुकान होते. नवाब हे मूळ मालकांचे नाव. मला घडवले ते त्यांच्या मुलाने, हनीफने. परदेशी मासिकात त्याने माझ्या जातीच्या यंत्राचे चित्र पाहिले होते. तसे यंत्र इकडे कुठे मिळणार? मग एका रविवारी तो पुण्याच्या जुन्या बाजारात गेला आणि पिशवीभर सामान घेऊन आला. मोडक्या बॅटरी चार्जरचा पत्र्याचा डबा हे माझे शरीर झाले. माझ्या पोटात त्याने टॉर्चचा एक बल्ब बसवला आणि त्याच्यासमोर नखाएवढी एक चकती. ही चकती अंधारात आवाजाची वाट अडवते आणि उजेड पडला की वाट सोडते. आवाज आला की बल्ब लागायचा, बल्ब लागला की चकती वाट सोडायची. एवढेच माझे शहाणपण.

पहिल्या दिवसापासून सगळे नीट झाले असे मात्र नाही. बल्ब लागलेला बाहेरून दिसावा म्हणून हनीफने माझ्या तोंडाला भोक पाडले. दुकानात ते ठीक चालले. पण पहिल्याच दिवशी भर दुपारी मैदानात नेले, तर भोकातून ऊन आत शिरले आणि माझे दार दिवसभर उघडेच राहिले! हनीफ स्वतःवरच हसला. त्याने ते भोक आतून बुजवले आणि बाहेर दाखवण्यापुरता दुसरा बल्ब लावला. त्यावर सायकलच्या मागच्या लाल काचेचा तुकडा चिकटवला. मग दुसरी खोड निघाली. आतला बल्ब तापायला क्षणभर लागे आणि तेवढ्यात शब्दाचे पहिले अक्षर दाराबाहेर राही. पाहुणे 'नमस्कार' म्हणत आणि मैदानाला 'मस्कार' ऐकू येई. म्हणून हनीफने आतला बल्ब कायम अगदी मंद पेटता ठेवला. झोपलेल्या माणसाने एक डोळा किलकिला ठेवावा तसा. त्यामुळे माझे दार पूर्ण लागत नाही, बारीकशी फट राहते. पण पहिले अक्षर वाचते.

माझ्या तोंडावर फिरवायचे एकच बटण आहे. हनीफ त्याला उंबरठा म्हणायचा. बटण उजवीकडे फिरवले की उंबरठा उंच होतो, मग फक्त मोठा आवाज आत येतो. डावीकडे फिरवले की उंबरठा खाली येतो आणि लहान आवाजालाही तो ओलांडता येतो. मित्रांनो, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. माणूस कोणता आणि पंखा कोणता, हे मला कळत नाही. मोठे काय आणि लहान काय, एवढेच कळते. उंबरठा किती उंच ठेवायचा हे माणसानेच ठरवायचे असते.

हनीफने माझे नाव ठेवले दरवान. पुढे त्याने माझा एक भाऊही केला. कोणी अचानक ओरडले तर तो त्या आवाजाला आवळून धरी, म्हणून कर्णा फाटत नसे. त्याचे नाव लगाम. आम्ही दोघे एकाच लाकडी पेटीतून फिरलो. कामगारांच्या सभा, शाळांची संमेलने, कीर्तने, कव्वाल्या. "नवाबवाल्यांचा स्पीकर घरघरत नाही," असे लोक म्हणू लागले. ते ऐकून माझा पत्रा सुखावत असे.

सुट्टीच्या दिवशी हनीफच्या मदतीला ज्योतीराम नावाचा माणूस येऊ लागला. तो मूळचा बार्शीकडचा. आकुर्डीला चाळीत राही आणि एका फोर्जिंग कंपनीत हॅमर शॉपमध्ये कामाला होता. हॅमर म्हणजे तुमच्या घरातला हातोडा नव्हे. तो घराएवढा उंच असतो. लालबुंद लोखंडावर तो पडला की दूरच्या ओट्यावरचा चहा कपात थरथरतो. तिथे बोलून उपयोग नसतो. माणसे हाताच्या खुणांनी बोलतात. मूठ वर करून उघडली आणि तळवा खाली दाबला, की सगळ्यांनी समजायचे, हॅमर थांबवा. आणि बोलायचीच वेळ आली तर कानाला तोंड लावून ओरडायचे. अशी आठ वर्षे ज्योतीरामने काढली होती. माणूस मेहनती, हात स्वच्छ. कोणतीही तार तो वेडीवाकडी गुंडाळत नसे.

१९७८ साली, त्याची चाळ ज्या कॉलनीत होती, त्या कॉलनीने नाटक बसवले. लिहिले आणि बसवले कंपनीत हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातल्या अर्जुनरावांनी. त्यात आईचे काम ज्योतीरामच्या बायकोने, सावित्रीबाईंनी करायचे ठरले. त्या याआधी रंगमंचावर कधी चढल्या नव्हत्या. आवाज मऊ आणि लहान. पण अर्जुनरावांना तोच हवा होता. नाटकाच्या शेवटी दोन वर्षांनी घरी परतलेला मुलगा आतल्या खोलीत झोपलेला असतो आणि बाहेर सगळे नातेवाईक कडाकडा भांडत असतात. तेवढ्यात आई दारात येते आणि अगदी हळू म्हणते, "हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय त्याचा." सगळे गप्प होतात आणि पडदा पडतो. सारे नाटक या दोन वाक्यांवर उभे होते.

पहिला प्रयोग गणपतीत, कॉलनीच्या मांडवात झाला. स्पीकरची जबाबदारी ज्योतीरामची. प्रयोगाआधी त्याने माइक हातात घेतला.

"हॅल्लो! हॅल्लो! माइक टेस्टिंग! वन, टू, थ्री!"

माझा दिवा भक्कन लागला. मांडवातल्या पंख्यांची घरघर आत येऊ नये म्हणून त्याने माझा उंबरठा चढवला, आणखी चढवला, पार स्वतःच्या आवाजाच्या खांद्यापर्यंत नेला. पुन्हा "हॅल्लो!" म्हणून पाहिले. दिवा लागला. "झाला बंदोबस्त," तो समाधानाने म्हणाला.

भांडणारे नातेवाईक मोठ्याने बोलत होते, त्यामुळे शेवटपर्यंत सगळे सुरळीत चालले. मग सावित्रीबाई दारात आल्या. त्यांचे ओठ हलले. त्यांचा आवाज माझ्या उंबरठ्यापाशी आला, थोडा वेळ थांबला आणि परत गेला. मला दार उघडता येईना. मांडवात शांतता पसरली. लोक पुढे वाकले.

"आवाज! आवाज!" मागून ओरडा झाला.

"वयनी, बॅटरी संपली काय?" हा कोंडीराम, ज्योतीरामचा हॅमरवरचाच सोबती.

सावित्रीबाई घाबरल्या आणि सगळा जीव गोळा करून ओरडल्या, "हळू बोला! आत्ताच डोळा लागलाय त्याचा!"

आता माझे दार सताड उघडले. लगामानेही दात-ओठ खात तो आवाज आवळून धरला. आणि सारा मांडव पोट धरधरून हसला. पडदा पडला तरी लोक एकमेकांच्या अंगावर ओरडत होते, "हळू बोला रं, हळू बोला!"

पडद्यामागे सावित्रीबाई पदराने तोंडावरचा रंग पुसत होत्या. "झालं माझं नाटक. आता न्हाई उभी राहायची मी."

"अहो, दीड महिन्यावर पिंपरीची स्पर्धा आलीय," अर्जुनराव काकुळतीने म्हणाले.

"दुसरी कुणी बघा, दादा. गळ्यात ढोल आसलेली."

मित्रांनो, त्या दिवशी पेटीत परतताना मला फार वाईट वाटले. चूक कोणाची होती ते मला ठाऊक होते. पण आम्हा यंत्रांना सांगता येत नाही.

पुढच्या गुरुवारी, म्हणजे कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, ज्योतीराम मला घेऊन दापोडीच्या दुकानात आला. सावित्रीबाईंनाही त्याने आणले होते. खोट यंत्रात होती असे हनीफच्या तोंडून कळले, तर तिचे मन वळेल, असे त्याला वाटत होते.

"हनीफभाई, तुमचा दरवान पार बाद झालाय. माझ्या बायकूचं हसं केलं त्यानं."

हनीफने मला उघडले. एकेक तार हलवून पाहिली. "सगळं ठीक आहे, यार. एक टाकासुद्धा सुटलेला नाही."

"मग तिचा आवाज गिळला कुणी?"

हनीफने मला जोडले, माइक टेबलावर ठेवला. "तुम्ही उंबरठा कसा लावला होता, तसा लावून दाखवा बरं."

ज्योतीराम माइकसमोर वाकला. "हॅल्लो! माइक टेस्टिंग!"

समोरचा सायकल दुरुस्त करणारा पाना खाली ठेवून ओरडला, "ओ ज्योतीराव, इथं हॅमर नाही पडत! ऐकू येतंय आम्हाला!"

हनीफ मात्र हसला नाही. तो फळीकडे वळला आणि पाठमोराच, नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ज्योतीराव, चहा सांगू का?" ज्योतीराम माझ्याकडे पाहत राहिला. हनीफने तेच पुन्हा विचारले. उत्तर नाही. मग त्याने येऊन माझे बटण डावीकडे, बरेच खाली आणले.

टेबलाच्या कडेला उभ्या असलेल्या सावित्रीबाई हळूच म्हणाल्या, "त्यास्नी ऐकू येत न्हाई, भाऊजी. दोन वरसं झाली. घरात मी वरडूनच बोलते."

आता उंबरठा खाली होता. माझा लाल दिवा लागला.

ज्योतीराम दचकला. "दिवा लागला. कोण बोललं?"

हनीफने सावित्रीबाईंकडे पाहिले.

"आरं, दिवा लागला की! कोण बोललं?"

"मी," सावित्रीबाई म्हणाल्या. दिवा पुन्हा लुकलुकला. ज्योतीराम तिच्याकडे नव्हे, दिव्याकडे पाहत होता. मग त्याने मान वर केली. तिच्या डोळ्यांतले पाणी पाहून त्याला काय बोलणे झाले ते न ऐकताच कळले असावे. तो स्टुलावर बसला.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "तूच बोलायची कमी झालीस."

सावित्रीबाई रडता रडता हसल्या. आता त्यांनी आवाज चढवला. "कमी कशी होईन? आख्खी चाळ ऐकतीया माझं. आपल्या घरातलं मीठ संपल्यालंबी चाळीला ठावं आसतं."

ज्योतीरामलाही हसू आले. पण ते लगेच विरले. "हॅमरवाल्यांचे कान आसंच आसत्यात, हनीफभाई. कुणी बोलत न्हाई इतकंच. डाक्टरला कळलं तर हॅमरवरनं काढत्याल."

"ते नंतर बघू," हनीफ त्याच्यासमोर बसून, तोंड दाखवत, सावकाश म्हणाला. "आधी हे ऐका. पंखे बघून उंबरठा लावायचा नाही. स्वतःच्या आवाजावर तर नाहीच. नाटकातला सगळ्यांत हळू आवाज आधी घ्यायचा, त्याच्या खाली उंबरठा ठेवायचा. मग घरघर आत येत असेल तर घरघर कमी करायची. आणि तुम्ही कानानं लावू नका. डोळ्यानं लावा. दिवा आहे ना."

"पर मी उभी ऱ्हायले तर ना!" सावित्रीबाई म्हणाल्या. "परत हसले म्हंजी?"

ज्योतीरामला ओठांवरून ते कळले. "तू हळूच बोल. तू बोललीस की मला दिसंल. न्हाई दिसलं, तर मी सवता पडदा पाडतो, मग बघू कोण हसतंय."

त्यांनी माझ्या लाल काचेवरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाल्या, "एकदाच. परत न्हाई."

स्पर्धेचा प्रयोग ऑक्टोबरच्या एका दुपारी पिंपरीत होता. पत्र्याच्या छताचा लांबलचक हॉल. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये सावित्रीबाई रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि आपली दोन वाक्ये दहा वेळा बोलल्या, हळू, आणखी हळू. दर वेळी ज्योतीराम बटण केसभर सरकवी आणि दिव्याकडे पाही. दहाव्या वेळी त्याने बटणाशेजारी पेन्सिलीने एक रेघ ओढली. ती रेघ अजून माझ्या तोंडावर आहे.

दुपारी हॉल भरला. उकाडा असा की पत्रा हाताला चटका देत होता. भांडणाचा प्रवेश सुरू झाला आणि कोणीतरी छतावरचे आठही पंखे सोडले. घरघर माझ्या दारातून आत घुसली. माझा दिवा लागला तो लागलाच, विझेना. ज्योतीरामला पंखे ऐकू येत नव्हते. पण कोणी बोलत नसतानाही दिवा जळतो आहे, हे त्याने पाहिले.

त्याचा हात माझ्या बटणाकडे आला. मित्रांनो, मी मनात म्हणालो, नको, ज्योतीराम. उजवीकडे एक वळसा दिला की घरघर थांबेल हे खरे. पण सावित्रीबाईही बाहेर राहतील. त्याची बोटे बटणावर टेकली. त्याने पेन्सिलीची रेघ पाहिली आणि हात मागे घेतला.

पंख्यांची बटणे हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. मध्ये चारशे माणसे. ओरडणे शक्य नव्हते, आणि ज्योतीरामला हळू बोलणे तर येतच नव्हते. बटणांपाशी भिंतीला टेकून कोंडीराम उभा होता. ज्योतीराम स्टुलावर चढला. त्याने मूठ वर करून उघडली आणि तळवा खाली दाबला.

हॅमर थांबवा.

कोंडीरामने इकडेतिकडे पाहिले. हॅमर कुठला इथे? ज्योतीरामने छताकडे बोट केले आणि पुन्हा तीच खूण केली. कोंडीरामचे तोंड उघडेच राहिले, मग मिटले. त्याने एकापाठोपाठ आठही बटणे बंद केली.

"अरे, पंखे कोणी बंद केले? मारता का आम्हाला?" कोणीतरी ओरडले.

"गप ऱ्हा की रं भावा! वयनी बोलनार हाय," कोंडीरामने त्याला दटावले.

पंखे हळूहळू थांबले. माझा दिवा मंदावला, विझला. रंगमंचावर भांडण शिगेला पोचले होते. लगाम एकेकाचा आवाज आवळून धरत होता. मग सावित्रीबाई दारात आल्या. त्यांनी प्रेक्षकांकडे पाहिले नाही, माइककडे पाहिले नाही. आतल्या खोलीकडे एकदा पाहिले आणि आपल्या स्वतःच्या मऊ, लहान आवाजात म्हणाल्या,

"हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

तो आवाज माझा उंबरठा ओलांडून गेला. पहिल्या अक्षरासकट. हॉलच्या शेवटच्या ओळीत एका बाईने आपल्या मांडीवरच्या पोराला थोपटायला सुरुवात केली. कोणी हसले नाही, कोणी खोकले नाही. ज्योतीराम माझ्यावर वाकला होता. लाल उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला होता. "बोलली," तो पुटपुटला. आणि मला नवल वाटले, कारण तोही हळू बोलला होता.

बक्षिसांच्या यादीत त्या नाटकाचे नाव होते की नाही, ते मला आठवत नाही. आम्ही तेव्हा पेटीत बंद झालो होतो. पुढे ज्योतीरामने डॉक्टरला कान दाखवले. त्याला हॅमरवरून काढले, पण घरी पाठवले नाही, हत्यारांच्या स्टोअरमध्ये घेतले. गेलेले ऐकणे काही परत आले नाही. कोंडीराम आणि बाकीचे मात्र त्यानंतर कानात कापसाचे बोळे घालून हॅमरवर उभे राहू लागले.

मग माझे दिवस फिरले. १९८१ साली हनीफने कारखान्यात तयार झालेली नवी यंत्रे आणली. मी आणि लगाम माळ्यावर गेलो. लगामाचे भाग काढून दुसऱ्या यंत्रांना लागले आणि माझा भाऊ संपला. माझ्यावर धुळीचा थर बसला. उंदरांनी माझ्या तारांचे आवरण कुरतडले. दोन वर्षे कोणी माझे नाव घेतले नाही.

एका गुरुवारी खालून ओळखीचा आवाज आला. "हनीफभाई! आपला दरवान हाय का मोडला?" आता तो आवाज इतका मोठा नव्हता.

हनीफने मला खाली काढले, पुसले, तारा बदलल्या. आणि मी आकुर्डीला आलो.

मित्रांनो, आता मी ज्योतीरामच्या घरात फळीवर असतो. माझा माइक स्वयंपाकाच्या ओट्याशी टांगला आहे. माझ्यापुढे कर्णा नाही, त्यामुळे माझ्यातून आवाज कुठेच जात नाही. फक्त दिवा लागतो. स्टोव्ह फरफरू लागला की माझी पंचाईत होते आणि दिवा उगाच जळत राहतो. मग सावित्रीबाई येऊन ज्योतीरामच्या खांद्याला हात लावतात. चाळीतली तुमच्यासारखी मुले येतात आणि "दरवान, जागा हो!" म्हणून माझी गंमत करतात. मला ते आवडते. पण माझ्या बटणाला हात लावू नका. पेन्सिलीच्या रेघेवरून ते हलवू नका. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने मला पुसा, एवढे पुरे. आपल्या कानांनाही असेच जपा, ते कुठल्या जुन्या बाजारात मिळत नाहीत. आणि कधी चारचौघांत काही ठरवायची वेळ आली, तर सगळ्यांत मोठ्याने बोलणाऱ्यावरून ठरवू नका. सगळ्यांत हळू बोलणारा कोण आहे, ते आधी पाहा.

संध्याकाळी स्टोव्ह विझतो. घर शांत होते. ज्योतीराम खिडकीशी काहीतरी दुरुस्त करत बसलेला असतो. सावित्रीबाई ओट्यापाशी काहीतरी म्हणतात, न ओरडता, आपल्या आवाजात. माझा लाल दिवा लागतो. ज्योतीराम हातातले काम ठेवतो आणि मान वळवून तिच्याकडे पाहतो.